सांगली-साताऱ्याहून आलेल्या ट्रकवाल्यांनो, यूसीआर विसरू नका

वडिलांच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीत रेक्झिनची तपकिरी फाईल असायची. एमएच १० ची गाडी, सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद भरून कर्नाटकात जायची. कागलच्या नाक्यावर थांबली की फाईल खाली यायची: आरसी, फिटनेस, विमा आणि नॅशनल परमिटचं त्या वर्षाचं ऑथरायझेशन. परमिट पाच वर्षांचं, पण ऑथरायझेशन दर वर्षी नवं. त्याची तारीख आईलासुद्धा पाठ होती, कारण कागद नसला की गाडी नाक्यावर उभी राहते आणि मालवाला यार्डातून फोनवर फोन करतो, हे घरात सगळ्यांनी भोगलं होतं.

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं आहे, तीन ट्रक चालवतो. आपल्या भागातली पोरं इथे येतात तेव्हा त्यांना गाडी शिकवावी लागत नाही. खंबाटकी उतरवलेल्या माणसाला पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांचं काय भय? पोरं अडकतात ती कागदांत, आणि त्यातही यूसीआरमध्ये, म्हणजे माल नेणाऱ्या कंपनीच्या दरवर्षीच्या नोंदणीत. कारण हा कागद गाडीत ठेवायचाच नसतो. वजनकाट्यावरचा अधिकारी गाडीच्या दारावर लिहिलेला यूएसडॉट नंबर, म्हणजे कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक, संगणकात टाकतो आणि या वर्षाचे पैसे भरलेत की नाही ते त्याला तिथल्या तिथे दिसतं. तुमच्या डोळ्यांसमोर मात्र काहीच नसतं, म्हणून ध्यानातून जातं.

यूसीआर म्हणजे युनिफाइड कॅरियर रजिस्ट्रेशन. २००५ च्या कायद्यातून आलेली ही व्यवस्था. राज्याबाहेर माल नेणाऱ्या कंपनीने ही फी दर वर्षी भरायची. आपल्याकडचं ऑथरायझेशन एकेका गाडीचं असतं, इथे मात्र पैसे कंपनीने गाड्यांच्या संख्येप्रमाणे भरायचे. २०२५ च्या नोंदणीला दोन गाड्यांपर्यंत ४६ डॉलर होते, तीन ते पाचला १३८, सहा ते वीसला २७६. त्याच्या आदल्या वर्षी पहिला टप्पा ३७ चा होता, म्हणजे दर बदलतो, जुन्या पावतीवर विसंबू नका. ट्रेलर मोजायचा नाही, फक्त ओढणारी गाडी. आणि १०,००१ पौंडांपासून पुढची गाडी यात धरतात, त्यामुळे ‘आपला साधा बॉक्स ट्रक आहे, आपल्याला काय लागतंय’ असं म्हणणारेही त्यात येतात.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. या व्यवस्थेत ४१ राज्यं सहभागी आहेत आणि न्यू जर्सी त्यात नाही. एवढं ऐकलं की आपली माणसं निश्चिंत होतात. पण राज्य सहभागी नसलं तरी तुमची गाडी हद्द ओलांडते ना? मग नोंदणी लागतेच. फक्त जवळचं सहभागी राज्य आपलं मूळ राज्य म्हणून निवडायचं. मी पेनसिल्व्हेनिया निवडतो. यापुढचं तर कुणी सांगतच नाही. तुमचा ट्रक न्यू जर्सीतून एकदाही बाहेर पडला नाही, पण पोर्ट न्यूअर्कला उतरलेला परदेशी माल तुम्ही एडिसनच्या गोदामात पोहोचवलात, तर तो प्रवास परदेशी व्यापाराचाच शेवटचा टप्पा धरला जातो. हळद सांगलीहून निघाली, समुद्र ओलांडून आली आणि शेवटचे काही मैल तुम्ही नेली, तरी यूसीआर लागते. इथे आपली बरीच पोरं कंटेनरच ओढतात, म्हणून हे ठासून सांगतोय.

मात्र तुम्ही ट्रक दुसऱ्या कंपनीला लीजवर लावून तिच्याच यूएसडॉट नंबरखाली चालवत असाल, तर फी ती कंपनी भरते. लीजचा कागद वाचून खात्री करा, तोंडी भरवशावर राहू नका.

पहिल्या वर्षी माझी फसगत झाली. नोव्हेंबरात पाकीट आलं. वर गरुडाचं चित्र, लाल अक्षरांत ‘शेवटची सूचना’, खाली माझा नंबर अगदी बरोबर छापलेला. सरकारचंच समजून मी त्याच दिवशी पैसे भरले. ती खासगी एजंट कंपनी होती. मूळ फीच्या कितीतरी पट रक्कम घेतली आणि नोंदणी केलीच नाही. जानेवारीत शेजारच्या राज्यातल्या काट्यावर गाडी बाजूला घेतली तेव्हा ते कळलं. दंड भरला, वर फीही पुन्हा भरली. तुमचा नंबर आणि पत्ता सरकारी यादीत कुणालाही दिसतो, त्यामुळे अशी पत्रं येणारच. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते आधी वाचा. नोंदणी स्वतः करा, यूसीआर डॉट गव्ह या सरकारी साइटवर. इंग्रजीची भीती वाटली तर आमच्या घरी या, शेजारी बसून भरू. विट्या-आटपाडीची गलाई करणारी, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, माणसं मुलखापार गेली, तीही आधी ओळखीच्याकडे उतरून, त्याच्या हाताखाली शिकूनच पुढे गेली. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नोंदणीला बसण्याआधी एमसीएस-१५० तपासा, म्हणजे यूएसडॉट नंबरामागची कंपनीची माहिती देणारा फॉर्म. हा फॉर्म दर दोन वर्षांनी नवा करायचा, त्याला पैसे लागत नाहीत. यूएसडॉट नंबराचा शेवटचा अंक महिना सांगतो: १ म्हणजे जानेवारी, ७ म्हणजे जुलै, ० म्हणजे ऑक्टोबर. त्याच्या अलीकडचा अंक विषम असेल तर विषम वर्षी, सम असेल तर सम वर्षी. यूसीआरला गाड्यांचा आकडा या फॉर्मवरूनच घेता येतो, नाहीतर ३० जूनपर्यंतच्या बारा महिन्यांचा हिशोब धरता येतो. फॉर्मवर दोन आणि रस्त्यावर तीन असा फरक राहिला, तर नंतर तपासणीचं पत्र येतं आणि ४६ नि १३८ मधला फरक भरून द्यावा लागतो.

इफ्टा म्हणजे राज्याराज्यांतला डिझेल कर दर तिमाहीला आणि मोठ्या गाड्यांच्या वार्षिक कराचा फॉर्म २२९० ऑगस्टअखेर, ही वेगळी प्रकरणं आहेत. एक भरलं म्हणून दुसरं भरलं असं होत नाही.

पुढच्या वर्षाची नोंदणी साधारण १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ३१ डिसेंबरपर्यंत करायची असते. शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, तेव्हा घरी पाहुणे असतात आणि रस्त्यावर माल. मी खंडेनवमी धरून चालतो. २०२५ मध्ये ती नेमकी १ ऑक्टोबरला आली. सकाळी ट्रक धुतले, चहा झाल्यावर संगणकावर बसलो, तिन्ही गाड्यांचा आकडा दोनदा पडताळला, फी भरली. पावती छापून फाईलला लावली. फाईल तपकिरीच आहे, इथल्या दुकानात शोधून आणलेली. मग झेंडूचे हार घेऊन खाली उतरलो.