म्युनिकचं जड पाणी आणि घरचं साफसफाईचं सामान: नव्यानं आलेल्यांसाठी

म्युनिकला नवीन आलेलं कुणीही महिन्याभरात विचारतंच, की केटलच्या तळाशी हे पांढरं काय साठलंय? तो चुना. मुंबईत भातसा-वैतरणाच्या किंवा पुण्यात खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्यांना तो माहीत नसतो. बोअरच्या पाण्यावर दिवस काढलेले मात्र बघताक्षणी ओळखतात. इथलं बरंचसं पाणी आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या मांगफाल खोऱ्यातून येतं. प्यायला उत्तम आहे, नळाचं सरळ प्या, बाटल्या वाहून आणू नका. पण जर्मन मापात १४ अंशांच्या वर गेलं की पाणी ‘हार्ट’, म्हणजे जड, आणि म्युनिकचं त्यातच मोडतं. तूरडाळ शिजायला वेळ घेते, साबणाला फेस येत नाही, न्हाणीघराची काच पांढुरकी होते आणि टॉवेल वाळल्यावर पापडासारखा कडक होतो. मोबाइलवर फिरत येणाऱ्या घरगुती कृतींमध्ये या पाण्याचा विचार केलेला नसतो, म्हणून हा खटाटोप.

डीएम किंवा रोसमान या साबण-प्रसाधनांच्या दुकानांत जाऊन तीन पुड्या घ्या. तिन्ही मिळून एका चांगल्या फवाऱ्याच्या बाटलीपेक्षा फार महाग पडत नाहीत आणि महिनोन्‌महिने पुरतात. पहिली त्सित्रोनेनझॉयरं, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. दुसरी वाशझोडा, धुण्याचा सोडा. तिसरी फ्लेकेनझाल्त्स, डाग काढायची पूड, जिच्यात मुख्य काम सोडियम परकार्बोनेटचं असतं. नाट्रोन लिहिलेली पुडी म्हणजे ढोकळ्यात घालतो तो खायचा सोडा. तो सौम्य असतो, फ्रीज पुसायला ठीक. पण एत्सनाट्रोन असं लिहिलं असेल तर हात लावू नका, तो कॉस्टिक सोडा आहे, कातडी आणि डोळे जाळतो.

आता लिंबूसत्त्व, कारण इथे सगळ्यात जास्त तेच लागतं. केटलसाठी एक लिटर गार पाण्यात दीड-दोन चमचे घालून अर्धा तास ठेवा, ओता, दोनदा विसळा. उकळायचं नाही. घाई करून उकळलं की चुना आणि आम्ल मिळून एक न विरघळणारा क्षार तयार होतो, तो तळाशी बसतो आणि मग खरवडायची वेळ येते. शॉवरची काच, नळ, बेसिन यांच्यासाठी अर्ध्या लिटर पाण्यात दोन चमचे घालून स्प्रेच्या बाटलीत भरा, मारा, दहा मिनिटांनी धुवा. कमोडला रात्री तीन चमचे टाकून सकाळी ब्रश मारा. खरं तर आंघोळीनंतर काचेवरचं पाणी रबरी वायपरनं ओढून टाकलं तर यातलं निम्मं काम उरतच नाही, पण ते घरातल्या सगळ्यांना पटवणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे.

आम्ल कुठे वापरायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. इथल्या कित्येक भाड्याच्या घरांत खिडकीच्या कट्ट्याला जुराचा दगड असतो. दिसायला संगमरवर, असतो चुनखडीचा. त्यावर लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर पडलं की चकाकी कायमची जाते. फरशांमधल्या सिमेंटच्या सांधांनाही आम्ल खातं, म्हणून आधी साध्या पाण्यानं सांधे चिंब करून मगच फवारा. घर सोडताना मालक सगळं बारकाईनं बघतो, आणि त्याच्याकडे तुमची अनामत रक्कम असते, जी कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी असू शकते. दहा युरोंची बचत करायला जाऊन तिच्यातून कापून घ्यायचं नसेल तर एवढं पाळा. लाकडी आणि लॅमिनेट जमिनीला तर यातलं काहीच लावू नका. घट्ट पिळलेलं फडकं, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, बस. आपल्याकडच्यासारखी बादली ओतून फरशी धुतली तर पाणी जायला मोरीच नाही.

कपड्यांकडे वळू. साबणाची वडी किसून त्यात सोडा घालून घरी पावडर करायची कृती फार फिरते. मऊ पाण्याच्या गावी ती चालेल, इथे अजिबात करू नका. साबण आणि चुना मिळून चिकट, राखाडी साका होतो. तो कपड्यात बसतो, यंत्राच्या नळ्यांत बसतो, पांढरे सदरे मळकट दिसतात आणि वास धरतात. त्यापेक्षा दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची स्वस्त फोलवाशमिटल, म्हणजे पांढऱ्या कपड्यांना चालणारी धुण्याची पावडर घ्या. द्रव नको, पावडरच, कारण पांढऱ्या कपड्यांना लागणारं ब्लीच पावडरीत असतं, द्रवात नसतं. रंगीत कपड्यांना कलरवाशमिटल.

घरगुती अक्कल चालवायची ती मापात. पाकिटावर पाण्याच्या जडपणाप्रमाणे मापं दिलेली असतात. मी मऊ पाण्याचं माप घेते आणि सोबत एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाकते. चुन्याशी सोडा झगडतो, पावडर मळाशी. मग शेवटच्या खळबळीसाठी सॉफ्टनरच्या खणात लिंबूसत्त्वाचं पाणी: एक लिटरला पाच चमचे, त्यातलं अर्धा कप दर धुण्याला. टॉवेल मऊ निघतात आणि सुगंधी सॉफ्टनर घ्यावं लागत नाही. लोकर आणि रेशीम यांना मात्र सोडा लागता कामा नये. पैठणी तर घरी धुवायच्या भानगडीतच पडू नका.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरायचं कारण नाही, हळदीचा तो स्वभावच आहे. पांढऱ्या सुती कपड्याला चमचाभर फ्लेकेनझाल्त्स घालून ६० अंशांवर धुवा आणि उरलेली पिवळी छटा उन्हावर सोडा. खिडकीतलं ऊनही चालतं, फक्त जानेवारीत ते मिळेल अशी आशा धरू नका. ही पूड पाण्यात कालवून बाटलीत कधीही बंद करून ठेवायची नाही, आत वायू तयार होतो आणि बाटली फुटते. यंत्रालाच वास येऊ लागला असेल तर सतत ३० अंशांवर धुण्याचा तो परिणाम आहे. महिन्यातून एकदा ६० अंशांवर, पावडर घालून, एक फेरी चालवा.

स्वयंपाकघरात तेलकट थर धुण्याच्या सोड्यानं निघतो. दूध लागलेलं स्टीलचं पातेलं सोड्याच्या पाण्यात उकळलं की तळ सुटतो. पण भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर सोड्यात बुडवला तर काळा पडतो. चिमणीची जाळीसुद्धा बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते, तिला गरम पाणी आणि भांड्यांचा साबणच बरा. कुकर काळवंडलाच तर आत पाणी आणि लिंबूसत्त्व घालून उकळा. आई कुकरच्या पाण्यात लिंबाची साल टाकायची ना, तेच. देवाच्या पितळी भांड्यांनाही लिंबूसत्त्व आणि मीठ पुरतं, चिंच शोधत हिंडायला नको. चोळा, धुवा आणि लगेच कोरडं करा, नाहीतर पुन्हा डाग उमटतात.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फसफसवणारे व्हिडिओ बघून कुणी तसं करत असेल तर थांबवा. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हाती उरतं जवळजवळ मिठाचं पाणी. हे निरुपयोगी तरी आहे, धोकादायक नाही. क्लोरीनचा क्लीनर आणि कुठलंही आम्ल मात्र एकाच कमोडमध्ये जाता कामा नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. इथल्या बाथरूमांना पुष्कळदा खिडकीही नसते. एसिगएसेन्त्स नावाची बाटली घेतली असेल तर तेही २५ टक्क्यांचं आम्ल आहे, नेहमीच्या व्हिनेगरसारखं वापरायला एकास चार पाणी घाला. घरी केलेल्या प्रत्येक बाटलीवर नाव लिहा आणि पाण्याच्या किंवा ज्यूसच्या रिकाम्या बाटल्या यासाठी वापरू नका.

रिठ्याची आठवण येणाऱ्यांसाठी एक. सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लिश गार्डनमध्ये आणि बिअर गार्डनांत तपकिरी, चकचकीत चेस्टनट खाली पडलेले दिसतील. जुन्या बिअरवाल्यांनी बिअर साठवायच्या तळघरांवर सावली राहावी म्हणून ही झाडं लावली. हे रानटी चेस्टनट खायचे नसतात, विषारी आहेत, पण रिठ्याच्याच कुळातले आहेत आणि फेसही तसाच देतात. आठ-दहा फळं सोलून बारीक करा, ३०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि ते पाणी कमी मळलेल्या रंगीत कपड्यांच्या एका फेरीला वापरा. फ्रीजमध्ये दोन-चार दिवसच टिकतं. जास्त गोळा झाले तर चिरून, खडखडीत वाळवून डब्यात भरा, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतात.