मित्रांसोबत डिनर आणि इटालियन रेड: बाटली कशी ठरवायची

इंदूरला आता चारसहा जण हॉटेलात बसले की एकजण "आज वाइन घेऊ ना यार" म्हणतोच, मग वाइनची यादी त्याच्याच हातात येते आणि तो किमती बघून मधली एखादी सांगून मोकळा होतो. असं करू नका. आधी जेवण ठरवा, निदान स्टार्टर आणि मेन कोर्स काय येणार एवढं तरी, मग बाटली. इटालियन रेडचं तर हे जास्तच, कारण त्या जेवणासोबत घ्यायच्या असतात, नुसत्या शेंगदाण्यांवर घेतल्या तर आंबट-तुरट लागतात आणि मग "मला रेड आवडतच नाही" असं कायमचं ठरून जातं.

बघायच्या गोष्टी दोन, आंबटपणा आणि तुरटपणा. तुरटपणा म्हणजे टॅनिन, फार उकळलेला कोरा चहा प्यायलो की हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तेच. मटण किंवा चीज सोबत असलं की टॅनिन मऊ लागतं, पण तिखटासोबत उलटंच होतं, तिखट अजून चढतं, आणि त्यात अल्कोहोलही जास्त असेल तर घशाला नुसती आग. म्हणून आपल्या टेबलावर पहिला प्रश्न हाच, की तिखट किती येणारे?

आता खरं टेबल कसं असतं बघा. अर्धे व्हेज. एकाचा पनीर टिक्का, एकाची दाल मखनी, एकाला अराबियाता पास्ता आणि त्यावर परत चिली फ्लेक्सचं पाकीट उलटं, एकाचं मटण, आणि कोणीतरी वेटरला हळूच "भिया, सेव मिलेगी क्या" विचारणारा असतोच (इंदूर आहे, चालायचंच). सगळ्यांना एका बाटलीत सांभाळायचं तर माझं मत सरळ बार्बेराला. ही उत्तर इटलीतल्या पिएमोन्तची, लेबलवर बार्बेरा दास्ती किंवा बार्बेरा दाल्बा लिहिलेलं असतं, आंबटपणा भरपूर पण टॅनिन कमी, त्यामुळे मसाल्याशी भांडत नाही आणि दाल मखनीतलं लोणी, क्रीमही कापते.

पिझ्झा आणि रेड सॉस पास्ताच जास्त असेल तर किआंती. तोस्कानाची, द्राक्ष सांजोवेसे, आणि टोमॅटो मुळात आंबट असल्यामुळे वाइनही तेवढीच आंबट हवी, नाहीतर ती फिक्की पाणचट वाटते. बाटलीवर काळा कोंबडा दिसला तर ती किआंती क्लासिको, तिच्यात निदान 80 टक्के सांजोवेसे असावीच लागते. इम्पोर्टेडचा भाव बघून पोटात गोळा आला तर यादीत फ्रातेली या भारतीय कंपनीची सांजोवेसे आहे का बघा, ती आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे होते, द्राक्ष तेच आणि बिल बरंच हलकं.

तंदुरी चिकन, सीख कबाब वगैरे धुराचा वास असलेलं काही असेल तर सिसिलीची नेरो दावोला छान जाते. प्रिमितिवोही चालते, पण तिच्यात अल्कोहोल बरेचदा 14 टक्क्यांच्या वर असतं, तेव्हा राजस्थानी लाल मांस वगैरे झणझणीत मागवलं असेल तर नको. त्याला लांब्रुस्को मिळाली तर बघा, बुडबुड्यांची रेड, थंडगार प्यायची, जरा गोडसर असलेली घ्या, तिखट एकदम उतरतं.

बारोलोचं नाव मोठं म्हणून पार्टी देणारा तीच मागवायला जातो. त्याला थांबवा. नेब्बिओलो द्राक्षाची वाइन, विकायच्या आधी निदान 38 महिने ठेवलेली, त्यातले 18 लाकडी पिंपात, टॅनिन दणदणीत. साधं रोस्ट मटण किंवा मशरूम रिसोत्तो असेल तर स्वर्ग, पण कढाई पनीरवर पैसे पाण्यात. आमारोनेचंही तसंच, सुकवलेल्या द्राक्षांची, जड, जेवण झाल्यावर जुन्या चीजसोबत थोडी थोडी घ्यायची.

लेबलवर मोन्तेपुल्चानो दिसलं तर पुढचं-मागचं पूर्ण वाचा. मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सो त्याच नावाच्या द्राक्षाची, रोजच्या जेवणातली, बेफिकीर मागवा. विनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो म्हणजे तोस्कानातल्या त्या नावाच्या गावची, सांजोवेसेची, महाग.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, गारवा. "रेड रूम टेम्परेचरला" हे थंड देशातल्या खोल्यांसाठी, आपल्याकडे मेमध्ये बारच्या फळीवर 35 डिग्रीत उभी असलेली बाटली आली की नुसता अल्कोहोलचा भपका येतो. 16-18 डिग्री हवं, बार्बेरा अजून जरा गार. वेटरला बकेटमध्ये बर्फ आणि पाणी दोन्ही घालायला सांगा, नुसत्या बर्फाने वेळ लागतो, दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. तो विचित्र बघेल, बघू द्या.

वेटर आधी घोटभर ओततो ती आवड विचारायला नाही, वाइन खराब आहे का बघायला. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर परत करा, लाजायचं नाही. आणि बाटली तुमच्यासमोरच उघडायला लावा.

750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास होतात, म्हणजे सहाजणांना दोन बाटल्या, हलकी आधी, जड नंतर. नंतर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचा बेत असेलच, तर रेड हॉटेलातच संपवा, कारण जिलबी-रबडीची चव तोंडात असताना ड्राय (म्हणजे गोडवा नसलेली) रेड अगदी कडू लागते. आणि गाडी तिथेच राहू द्या, कॅब करा.