कॅम्पर गाडीची बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा

बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या गॅरेजला जुन्या टेम्पो ट्रॅव्हलर येतात, आत बिछाना, सिंक, छोटा फ्रीज बसवलेल्या. मालक उतरायच्या आधीच सांगतो, "अण्णा, बॅटरी गेली, नवीन टाका." टाकायला मला काय, धंदाच आहे माझा. पण दोष दुसरीकडं असेल तर नवी बॅटरी पण तशीच झोपणार. म्हणून आधी घरीच बघा की. डिजिटल मल्टिमीटर आणि वायर जोडलेला हेडलाईटचा बल्ब, एवढं पुरतं.

गाडीत विजेच्या तीन वेगळ्या लाईनी असतात. पुढची बॅटरी सेल्फ आणि हेडलाईटसाठी, मागची दिवे-पंखा-फ्रीजसाठी, आणि बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची लाईन तिसरी. सेल्फ नीट मारतोय आणि मागचा पंखा फिरत नाही, तर पुढच्या बॅटरीच्या नादाला लागू नका.

मागची बॅटरी सकाळी मोजा, रात्रभर सगळं बंद ठेवून. ॲसिडची बॅटरी असेल तर १२.७ व्होल्टला भरलेली, १२.२ ला अर्धी, १२ च्या खाली रिकामीच समजा. (लिथियमचे आकडे वेगळे.) पण नुसत्या या आकड्यावर खूश होऊ नका. मरायला टेकलेली बॅटरी पण बसल्या जागी १२.६ दाखवते. बल्ब लावा, पाच मिनिटं जळू द्या, जळतानाच परत मोजा. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते काहीच नाही. सकाळी भरलेली दाखवून एवढ्यात आकडा ११ कडं घसरला तर बॅटरी खरंच गेली. १२.३ ला टिकला, तर पैसे खिशातच ठेवा. दोष वायरीत आहे.

वायरीत म्हणजे बहुतेक वेळा अर्थला, निगेटिव्ह वायर गाडीच्या लोखंडी चौकटीला, चासीला, जोडलेली असते तिथं. जांबोटी-चोर्ल्याच्या पावसात उभी राहिलेली गाडी असेल तर मी दुसरीकडं बघतच नाही. चासीच्या बोल्टखाली गंज, नाहीतर फिटिंगवाल्यानं लग (वायरीच्या टोकाची कडी) रंगावरच आवळलेली. पंखा चालू ठेवा, मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर धरूनच ठेवा, दुसरं पंख्याच्या अर्थ वायरीला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर दुसरं टोक बॅटरीकडं सरकवत आणा: पंख्याची लग, चासीचा बोल्ट, बॅटरीची जाड पट्टी. आकडा ज्या दोन जागांच्या मधी धाडकन उतरतो, तिथंच खराबी. पंखा बंद असताना हे माप घेऊन उपयोग नाही, करंट वाहत नसला की गंजलेला सांधा पण शून्य दाखवतो.

लग काढा, पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारा, आवळा, वर व्हॅसलीन लावा. पॉझिटिव्हच्या बाजूला पण हीच तपासणी, तिथं संशयित म्हणजे फ्यूज होल्डर.

मग इंजिन चालू करा. पुढच्या बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला पाहिजे, मागच्या बॅटरीवर पण जवळपास तेवढंच. पुढं येतंय, मागं नाही, तर दोन्ही बॅटऱ्यांच्या मधला रिले (त्यांना जोडणारा आपोआप चालणारा स्विच) किंवा त्याचा फ्यूज बघा. पुढंच येत नसेल तर बॅटरी चार्ज करणारा डायनामा उतरवावा लागणार.

इन्व्हर्टर बीप करून बंद पडतो ही तक्रार तर रोजची. ३०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअरच्या वर, आणि जोडलंय बारीक वायरीनं! मिक्सर चालू असताना इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजा आणि बॅटरीवर मोजा. फरक मोठा आला तर वायर जाड घाला. फ्यूज मात्र मोठा घालू नका, वायर जळते.

यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीत गाडी लावून लोक शेजारच्या दुकानातून दोन वायरींची केबल ओढतात. गाडी सगळी लोखंडी. फेज पत्र्याला लागला, तर चिखलात उभा राहून दार उघडणाऱ्याच्या अंगातून करंट जाणार. तीन वायरींचीच केबल घ्या, दुकानात अर्थिंग आहे का ते विचारा, आणि गाडीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या. तो सारखा पडत असेल तर काढून टाकू नका. सगळ्या पिना काढा, एकेक लावत जा. जी लावल्यावर पडतो त्या सामानात दोष. काहीच न लावता पडत असेल तर केबल दुकानाच्या बोर्डातून काढा आणि वायरमनला बोलवा.