ट्रॅक्टरच्या ड्रममधलं डिझेल पिकअपला टाकताय? आधी एवढं बघा

आमच्याकडं पोरं विचारत असतात, शेतीचं डिझेल वेगळं असतं का, पिकअपला चालतं का. तर अमेरिकेत असतं, लाल रंग घातलेलं, त्याच्यावर रोडचा टॅक्स नाही म्हणून स्वस्त, आणि ते टाकून रोडवर सापडलं की किमान 1,000 डॉलर दंड. आपल्याकडं तसं काही नाही, ट्रॅक्टर काय न पिकअप काय, पंपावरचं एकच डिझेल. आपल्याकडं रंग असतो तो रेशनच्या रॉकेलला, निळा. त्यामुळं कोणी "शेतीचं स्वस्त डिझेल" म्हणून कॅन देत असेल आणि त्याला निळसर-हिरवट झाक दिसली तर त्यात रॉकेल मिसळलंय समजा, हात पण लावू नका. ह्याच भेसळीपायी 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणेंना जिवंत जाळलं होतं, आपल्या नाशिक जिल्ह्यात, हे विसरण्यासारखं नाही.

आता ड्रमचं. पंपावरून आणलेलं चांगलं डिझेल सुद्धा ड्रममध्ये खराब होतं, कारण पाणी. अर्धा ड्रम रिकामा असला की थंडीत रात्री आतल्या पत्र्याला दव धरतं आणि ते खाली जाऊन बसतं, निफाडकडची थंडी तर माहितीच आहे. ट्रॅक्टर जुना असेल तर निभावून नेतो पण बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) पिकअपचे इंजेक्टर अजिबात ऐकून घेत नाहीत, त्यांचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, पाणी किंवा रॉकेल गेलं की घासायला लागतो. मी स्वतः ड्रमच्या तळाचं 15 लिटर ओतून टोमॅटोच्या जाळ्या (क्रेट) घेऊन पिंपळगावच्या मार्केटला निघालो होतो, जोपूळ रोडला गाडीनं दोन झटके दिले आणि बंद, लिलाव हुकला. मेकॅनिकनं फिल्टर खोलून काचेच्या ग्लासात ओतला तर खाली दोन बोटं पाणी, वर डिझेल, मधी रेघ स्पष्ट.

तेव्हापासून मी असं करतो. ड्रम जमेल तेवढा भरलेला, सावलीत, जरासा तिरका ठेवायचा म्हणजे पाणी एका कडेला जमतं. गॅल्वनाइज्डचा ड्रम नको, जस्त डिझेलला चालत नाही. काढायच्या आदल्या दिवसापासून हलवायचा नाही, आणि नळी तळापासून चार बोटं वर धरायची. पहिलं पाव लिटर पारदर्शक बाटलीत घ्या, अर्धा तास ठेवा, गढूळ दिसलं किंवा खाली थेंब दिसले तर ते पिकअपला नाहीच. फडक्यानं गाळलं म्हणजे पाणी निघालं असं समजू नका, फडकं फक्त कचरा धरतं. आणि कागदावर थेंब टाकून बघायची ती फिल्टर पेपरची टेस्ट पेट्रोलची आहे, डिझेलला उपयोग नाही. डिझेलला पंपावर डेन्सिटी मोजायला सांगा, 15 डिग्रीला धरून पंपाच्या नोंदीपेक्षा 3 (किलो प्रति घनमीटर) च्या वर फरक आला तर घेऊ नका, बिल मात्र दरवेळी घ्या. घरी साठवायचं तर 2,500 लिटरच्या आत लायसन लागत नाही, फक्त एका भांड्यात 1,000 च्या वर नको.

चुकून वाईट डिझेल टाकीत पडलंच तर चावी अजिबात फिरवू नका, ऑन पण नको, काही गाड्यांत तेवढ्यावरच पंप ओढायला लागतो. ढकलून कडेला घ्या, टाकी खाली करून घ्या, आणि फिल्टरच्या बुडाला पाणी सोडायचा स्क्रू असतो तो सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा.