ऑप्शनमध्ये ब्रोकरेज कुठे बोचतं?

पूर्वी मोठ्या उलाढालीवर एक्सचेंज ब्रोकरला आपल्या व्यवहार शुल्कात सूट द्यायचं, पण ग्राहकाकडून वरचाच दर कापला जायचा. बाजार नियामक सेबीने १ ऑक्टोबर २०२४ पासून हे थांबवलं, फार बरं झालं. तेव्हा एनएसईने सगळ्यांना एकच दर लावला: १ लाख रुपये प्रीमियमला (ऑप्शन घेताना मोजायची किंमत) ३५.०३ रुपये.

आता काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेलं सौद्याचं बिल, उघडा. समजा, ब्रोकर ऑर्डरमागे २० रुपये घेतो. ५,००० रुपये प्रीमियमचा लॉट (ऑप्शनचा ठरलेला गट) घेऊन त्याच भावात विकलात, तर एक्सचेंजला जेमतेम साडेतीन रुपये जातात. ब्रोकरेज मात्र जीएसटीसकट ४७.२०, म्हणजे जवळपास १ टक्का! प्रीमियम २ लाखांचा असेल तर हेच ब्रोकरेज किरकोळ, तिथे विक्रीवरचा एसटीटी (सरकारचा व्यवहार कर) जड जातो. म्हणून छोटा सौदा तुकड्यातुकड्यांत टाकू नका. प्रत्येक ऑर्डरला वेगळे २० रुपये पडतात.