आयसीएमआरकडे प्रकल्प पाठवताना: आधी आकडेमोड, मग लेखन

वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकाचा पहिला मोठा प्रस्ताव बहुधा आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) स्मॉल एक्स्ट्राम्युरल ग्रँटसाठी, म्हणजे परिषदेबाहेरच्या संशोधकांना मिळणाऱ्या छोट्या अनुदानासाठी असतो. तिची कमाल मर्यादा २ कोटी रुपये आहे. त्यावरची, ८ कोटींपर्यंतची, इंटरमीजिएट ग्रँट ही वेगळी योजना. विषय उत्तम असूनही अनेक प्रस्ताव पडतात, कारण पद्धत, नमुनासंख्या, वेळापत्रक आणि बजेट हे चारही भाग वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले असतात. एकात ५०० रुग्ण, दुसऱ्यात ४००, बजेटमध्ये ३०० किट. परीक्षक हे पहिल्याच वाचनात टिपतो.

म्हणून प्रस्तावना शेवटी लिहा आणि सुरुवात नमुनासंख्येपासून, म्हणजे अभ्यासात किती जण घ्यायचे इथपासून करा.

समजा, गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण काढायचं आहे. आधीच्या अभ्यासांवरून ते १० टक्के धरलं आणि ३ टक्के वर-खाली चालेल असं ठरवलं, तर ४ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) गुणिले १० गुणिले ९० (१०० वजा १०), भागिले ३ चा वर्ग; उत्तर ४००. आता गळती, म्हणजे अभ्यास मध्येच सोडणाऱ्या बायका. पहिलटकरणी बाळंतपणासाठी माहेरी जातात, काही जणी मध्येच खासगी डॉक्टरकडे वळतात. त्यामुळे २० टक्के गळती धरणं शहाणपणाचं. इथे सर्रास चूक होते: ४०० मध्ये २० टक्के मिळवून ४८० लिहिलं जातं. पण ४८० मधून २० टक्के गळाल्या की उरतात ३८४. बरोबर रीत म्हणजे ४०० भागिले ०.८, म्हणजे ५००.

हाच ५०० चा आकडा आता बजेटमध्ये न्या. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन २ तासांनी रक्तातली साखर मोजायची. दर डेसीलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली तर निदान पक्कं. चाचणी पहिल्या भेटीत एकदा आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. म्हणजे आधी ५०० आणि नंतर गळती वजा जाता साधारण ४००, एकूण ९००. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी नव्याने करावी लागते. त्यासाठी ५ टक्के जादा धरा, की आकडा ९४५ होतो. तेवढ्यासाठी जवळजवळ ७१ किलो ग्लुकोज लागेल. असा हिशेब प्रत्येक ओळीसमोर लिहून दाखवा. ‘कन्झ्युमेबल्स (वापरून संपणाऱ्या वस्तू), एकरकमी’ असं लिहिलेल्या रकमेला परीक्षक कात्री लावतोच, आणि त्यात त्याची चूक नसते.

वेळापत्रकही याच आकड्यातून निघतं. गरोदर मातांची ओपीडी आठवड्यातून २ दिवस, दर वेळी संमती देणाऱ्या ६ बायका मिळाल्या, तर ५०० जणींना सुमारे ४२ आठवडे, म्हणजे जवळपास १० महिने. शेवटची बाई १२ व्या आठवड्यात नोंदली तरी तिचा २८ वा आठवडा यायला आणखी ४ महिने. माणसं नेमायला आणि खरेदीला ४, विश्लेषणाला ३. बेरीज २१ महिने होते, म्हणून मुदत २४ महिन्यांची मागा. १२ महिन्यांत उरकू असं लिहिलंत, तर मुदतवाढीचा पत्रव्यवहार आत्ताच ओढवून घेतला म्हणून समजा.

मनुष्यबळही कामावरून ठरवा. संमती, रक्त घेणं, फोनवरून पाठपुरावा यासाठी प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्टचं (तांत्रिक सहायकाचं) एक पद पुरतं. प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट मागायचा असेल, तर तो रोज काय करणार हे लिहावं लागेल. पगार आयसीएमआरच्या चालू परिपत्रकातूनच घ्या, घरभाड्यासह.

आता कागद. अंतिम तारखेपासून उलटे मोजत या. एथिक्स कमिटी (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी संस्थेची समिती) कधी बसणार हे आधी विचारून घ्या. एक बैठक चुकली तर महिना-दोन महिने सहज जातात. समितीची आरोग्य संशोधन विभागाकडची नोंदणी चालू आहे ना, हेही पाहा. मुदत संपलेल्या समितीचं पत्र कुचकामी ठरतं. मराठी संमतीपत्रक शब्दकोशी नको: ‘रक्तशर्करा मापन’ नको, ‘रक्तातली साखर तपासणं’ लिहा. वाचता न येणाऱ्या बाईसाठी अंगठा आणि निःपक्ष साक्षीदाराची सही, अशी जागा छापलेली असू द्या. अभ्यासात औषध किंवा उपचाराची चाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधीच सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी स्वीकारली जात नाही. परदेशी सहकारी किंवा परदेशी पैसा असेल, तर हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीची (आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची) मंजुरी वेगळी. तिचे महिने वेगळे मोजा.

शासकीय महाविद्यालयात आणखी एक अडचण असते: बदली. मुख्य संशोधकाची बदली झाली की पैसे अधिष्ठात्यांच्या खात्यात आणि काम अधांतरी. त्याच विभागातला, निवृत्तीला पुरेशी वर्षं असलेला सहसंशोधक सुरुवातीपासून घ्या, आणि त्याला नावापुरता ठेवू नका.

मंजुरीपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात लेखा शाखेत बसा. प्रकल्पासाठी स्वतंत्र खातेवही ठेवायला सांगा, पीएफएमएस (सरकारी निधीच्या देवाणघेवाणीची ऑनलाइन प्रणाली) नोंदणी तपासा, उपकरणाची मागणी खरेदी समितीकडे लगेच टाका. पहिल्या हप्त्यातली रक्कम पडून राहिली, तर पुढचा हप्ता अडतो आणि त्याबरोबर तुमच्या कर्मचाऱ्याचा पगारही. ३१ मार्चनंतर खर्चाचं विवरण आणि जीएफआर (केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. दोन्हींतले आकडे रुपयापर्यंत जुळले पाहिजेत. लेखापरीक्षकाची तारीख फेब्रुवारीतच मागून ठेवा. एप्रिलमध्ये तो सगळ्यांनाच हवा असतो.