रोस्टरमध्ये झोप कुठे आहे, ते आधी शोधा

पहिला रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, हातात पडला की नवा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) तीन गोष्टी बघतो: सुट्टी कधी, नाईट हॉल्ट (बाहेरगावचा मुक्काम) कुठे आणि महिन्याचे ब्लॉक अवर्स (उड्डाणाचे तास) किती. चौथी गोष्ट बघायची सवय पहिल्या महिन्यापासूनच लावून घ्या. प्रत्येक ड्यूटीच्या आधी तुम्ही नेमके किती वाजता झोपणार आणि किती वाजता उठणार, हे पेन्सिलने त्या रोस्टरवर लिहा. ग्राउंड क्लासमध्ये एफडीटीएलचे, म्हणजे वैमानिकांच्या ड्यूटी आणि उड्डाणाच्या वेळेवरच्या मर्यादांचे, आकडे घोकून घेतात, परीक्षेत त्यावर प्रश्नही येतात. पण ते आकडे मोजतात ती ड्यूटी आणि विश्रांतीची मुभा. मिळालेल्या मुभेत झोप लागली का, याचा हिशोब वैमानिकाशिवाय कोणीच ठेवत नाही.

आधी नियम थोडक्यात. एफडीपी, म्हणजे फ्लाइट ड्यूटी पीरियड, रिपोर्टिंगच्या वेळी सुरू होतो आणि शेवटच्या सेक्टरनंतर (उड्डाणानंतर) विमान पार्क होऊन इंजिनं बंद झाली की संपतो. पिक-अपची गाडी, मुंबईतलं ट्रॅफिक, विमानतळावरची सुरक्षा तपासणी हे सगळं त्याच्या बाहेर. दोन वैमानिकांच्या क्रूसाठी आपल्याकडे दोन लँडिंगपर्यंत जास्तीत जास्त १३ तास मिळतात. पुढच्या प्रत्येक लँडिंगला अर्धा तास कमी होतो आणि सहा लँडिंगला ११ तास उरतात. पहाटे २ ते ५:५९ हा काळ कागदोपत्री ‘विंडो ऑफ सर्केडियन लो’ असतो. क्रूमध्ये त्याला सरळ ‘वॉकल’ म्हणतात. या काळात शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात, मग तुम्ही दुपारी कितीही झोपलेले असा. ड्यूटी वॉकलमध्ये सुरू होत असेल, तर जितका वेळ वॉकलमध्ये जातो तितका एफडीपीतून वजा होतो, कमाल दोन तास. ड्यूटी वॉकलमध्ये संपत असेल किंवा अख्खा वॉकल गिळत असेल, तर निम्मा वेळ वजा होतो.

डीजीसीएने, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, जानेवारी २०२४ मध्ये हे नियम आणखी आवळले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि तीत दोन पूर्ण रात्री यायलाच हव्यात. एका साप्ताहिक विश्रांतीचा शेवट आणि पुढचीची सुरुवात यांत १६८ तासांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहाला संपू लागली. रात्रीच्या ड्यूटीला ८ तास उड्डाण, १० तास एफडीपी आणि सहाऐवजी दोनच लँडिंग, अशी मर्यादा आली. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं, मग पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला आणि रात्रीच्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि रात्रीच्या काही तरतुदींतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. यातून नवख्याने घ्यायची गोष्ट साधी आहे: जुन्या नोट्सवर विसंबू नका. कोणती तरतूद आज लागू आहे, कोणती सवलतीत आहे, हे डीजीसीएच्या चालू सीएआरमध्ये (नियमावलीत) आणि कंपनीच्या मंजूर एफडीटीएल स्कीममध्ये स्वतः वाचा. सॉफ्टवेअरने रोस्टर हिरवा दाखवला, एवढ्यावर विसंबू नका.

आता एक ड्यूटी उलगडून बघू. समजा मुंबई–गुवाहाटी–मुंबई, रिपोर्टिंग पहाटे ४:००. लँडिंग दोन, म्हणजे मूळ मर्यादा १३ तास. चार ते सहा हे दोन तास वॉकलमध्ये, म्हणून उरले ११. रात्रीच्या नियमाने त्यावर १० चं झाकण. उड्डाण जाऊन-येऊन साधारण साडेसहा तास, विमान साडेबाराच्या सुमारास परत. एफडीपी साडेआठ तास भरतो, कागदावर सगळं कायदेशीर आणि वर दीड तासाची गुंजाइश.

आता हाच दिवस झोपेच्या बाजूने वाचा. क्रू खारघरला राहतो असं धरा. पिक-अप २:४५ ला, म्हणजे गजर १:४५ चा. आठ तास झोप हवी तर आदल्या संध्याकाळी ५:४५ ला डोळा लागायला हवा. तो लागत नाही, कारण नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर उलट जास्तीत जास्त जागं असतं; झोपेच्या शास्त्रात हा काळ झोपेला मज्जाव करणारा मानतात. नऊला अंथरुणावर पडून दहाला डोळा लागला, तर पदरात पावणेचार तास. तेवढ्या झोपेवर माणूस गुवाहाटीला पहिलं लँडिंग करतो आणि उठल्यापासून साडेदहा तासांनी, दुपारी, मुंबईत दुसरं. पावसाळ्यात मुंबईला होल्डिंग लागलं, म्हणजे उतरण्याआधी हवेतच घिरट्या घालत थांबावं लागलं, की हा आकडा अकरा-बारावर जातो.

यावर उपाय आदल्या दिवशीच असतो. त्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठा, दुपारी दीड ते तीनच्या सुमारास दीड तास झोप काढा आणि संध्याकाळी सातनंतर घरातले दिवे मंद ठेवा. चहा-कॉफी दुपारीच थांबवा. कॅफिनचं अर्ध प्रमाण उतरायलाच पाच-सहा तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाची कॉफी अकरालाही निम्मी अंगात असते. दुपारची झोप मिळणारच नसेल, घरी लग्नकार्य असेल किंवा बाळ रडत असेल, तर ते त्या रोस्टरच्या गणितातच लिहा. इथे घरच्यांशी बोलणं वैमानिकाच्या तयारीचाच भाग आहे. दुपारी दोनला झोपलेल्याला ‘आळशी’ म्हणणाऱ्या काकांना एकदा नीट समजावून ठेवा, नंतर सोपं जातं.

दुसरा सापळा उशिराच्या ड्यूटीनंतरच्या विश्रांतीत असतो. विश्रांती आधीच्या ड्यूटीइतकी किंवा १२ तास, जे जास्त असेल तितकी. बारा तास ऐकायला भरपूर वाटतात. रात्री ११:३० ला ड्यूटी संपली, सव्वाबाराला घरी, जेवण-आंघोळ करून डोळा लागायला दीड. सकाळी ११:३० ला रिपोर्टिंग म्हणजे १० ला पिक-अप, ८:३० ला उठणं. बारातले सात उरले, तेही खोलीत अंधार असेल, शेजारी ड्रिल मशीन चालत नसेल आणि क्रू शेड्युलिंगचा फोन आला नाही तर. म्हणून ब्लॅकआउट पडदे, कानातले बोळे आणि विश्रांतीत फोन सायलेंट, हा खर्च पहिल्या पगारातून करा. हॉटेलात लिफ्टजवळची किंवा रस्त्याकडची खोली मिळाली तर चेक-इनलाच बदलून मागा.

थकव्याची अडचण अशी की तो स्वतःला कळत नाही. सलग १७ तास जागं राहिल्यावरची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी खालावते, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. २४ तासांना ती ०.१० टक्क्यांजवळ जाते. दारूसाठी रिपोर्टिंगला ब्रेथ ॲनालायझर असतो, थकव्यासाठी तसं यंत्र नाही. कॉकपिटमध्ये त्याच्या खुणा बारीक असतात: एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) हाक दुसऱ्यांदा कानावर पडते, रीडबॅक (मिळालेली सूचना परत म्हणून दाखवणं) चुकतो, चेकलिस्टची ओळ वाचली की नाही ते आठवत नाही, आल्टिट्यूड विंडोमधला (उंचीच्या चौकटीतला) आकडा बघूनही डोक्यात शिरत नाही, अप्रोचला, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना, आवाज चढतो. शेजारच्यात ही चिन्हं आधी दिसतात, स्वतःत शेवटी. सॅम-पेरेली नावाची सात पायऱ्यांची मोजपट्टी आहे, १ म्हणजे पूर्ण ताजातवाना, ७ म्हणजे काम अशक्य. टॉप ऑफ डिसेंटच्या, म्हणजे विमान खाली यायला लागण्याच्या, आधी मनातल्या मनात आकडा ठरवा आणि पाच किंवा वर असेल तर शेजारच्याला तोंडाने सांगा. ‘सर, मी थोडा स्लो आहे, मला डबल चेक करा’ एवढं पुरतं.

२२ मे २०१० चा मंगळूरचा अपघात प्रत्येक फर्स्ट ऑफिसरने अभ्यासावा. दुबईहून रात्रभर उडून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७-८००, पहाटे सहाच्या सुमारास टेबलटॉप (डोंगरमाथ्यावरच्या) धावपट्टीवर उतरताना पुढे निघून गेलं. १६६ पैकी १५८ जण गेले. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरवर जवळपास १ तास ४० मिनिटं कॅप्टन झोपलेले होते, घोरण्याचा आवाज आहे. उठल्यावर उतरण्याची तयारी उशिरा झाली, विमान फार उंचावर राहिलं आणि सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर अंदाजे ५,२०० फूट पुढे टेकलं. फर्स्ट ऑफिसरने तीनदा गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) सुचवला होता. गाढ झोपेतून उठल्यावर पहिला काही वेळ मेंदू पूर्ण जागा नसतो, याला स्लीप इनर्शिया म्हणतात, आणि चौकशी अहवालात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. नियंत्रित डुलकीचे नियम याच कारणाने इतके काटेकोर असतात: वेळ मोजून, शेजाऱ्याला सांगून, क्रूझमध्ये (स्थिर उंचीवर उडताना), डिसेंटच्या बऱ्याच आधी उठून. नासाच्या प्रयोगात वैमानिकांना ४० मिनिटांची संधी दिली, तेव्हा ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतरचा सावधपणा सुधारला. युरोपात ही पद्धत नियमांत बसते, अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाला, एफएएला, ती मान्य नाही. तुमच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये ती लिहिलेली नसेल, तर डुलकी म्हणजे नियमभंग.

ड्यूटीला जाणं शक्य नसेल तर काय करायचं, यावर नवखे सर्वांत जास्त गडबडतात. झोप झाली नाही हे कळल्याबरोबर क्रू कंट्रोलला फोन करा, पिक-अपची गाडी खाली येऊन उभी राहण्याची वाट बघू नका. शब्द स्पष्ट वापरा: ‘फटीगमुळे अनफिट’. ‘पोट बिघडलंय’ असं सांगून सिक रिपोर्ट केला की त्या दिवसापुरती सुटका होते, पण तो आकडा आजारपणात जमा होतो आणि ज्या रोस्टर पॅटर्नने माणसं थकतात, तो तसाच चालू राहतो. फटीग रिपोर्ट भरताना भावना नको, वेळा हव्यात: मागच्या ७२ तासांत प्रत्येक वेळी किती ते किती झोपलात, किती वाजता उठलात, प्रवासाला किती वेळ गेला, विश्रांतीत किती फोन आले, ड्यूटी किती वेळा बदलली, आणि उड्डाणात काही चूक झाली असल्यास कुठल्या टप्प्यावर. ‘फार दमलो होतो’ या वाक्यावर सुरक्षा विभाग काही करू शकत नाही. ‘सलग दुसऱ्या पहाटे, चार तास झोपेवर, उठल्यापासून अकराव्या तासाला अप्रोचमध्ये फ्लॅप्सचा कॉल चुकला’ यावरून पॅटर्न शोधता येतो. एअरलाइन्सना फटीग रिपोर्टचा आढावा डीजीसीएला तिमाही द्यावा लागतो, म्हणून तुमचा कागद दप्तरात पडून राहू नये अशी तरी व्यवस्था आहे. रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा.

भीती खरी असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. प्रोबेशन, टाइप रेटिंगचं (विशिष्ट विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचं) कर्ज, पुढे कमांड अपग्रेड (कॅप्टनपदी बढती), सगळं डोक्यावर असतं. म्हणून कंपनीच्या सेफ्टी मॅन्युअलमधला दंड न करण्याविषयीचा परिच्छेद आधीच वाचून ठेवा, त्याचा क्रमांक लक्षात ठेवा, आणि वाद झालाच तर बोलणं ईमेलवर आणा.

औषधांबाबत एकच सूचना. सर्दीवरच्या सेट्रिझिनसारख्या गोळ्या, खोकल्याची काही सिरप आणि दुसऱ्याने दिलेली झोपेची गोळी, यांतलं काहीही विमानवैद्यकीय डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. रात्रीची झोप भरूनही दिवसा डोळे मिटत असतील आणि घरचे जोरात घोरता म्हणत असतील, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. तो उपचाराने आटोक्यात येतो, लपवला तर मेडिकलच्या वेळी महाग पडतो.

आणि रात्रीच्या ड्यूटीनंतर स्वतः गाडी चालवत पाम बीच रोडने घरी जाऊ नका. कंपनीची गाडी घ्या, ती नसेल तर विमानतळाजवळच वीस मिनिटं डोळे मिटा, तोंडावर पाणी मारा, अर्धा तास जाऊ द्या, मग टॅक्सी.